म्युनिकमध्ये सिनेमा बघायचा तर

घर मिळालं, पत्त्याची नोंदणी झाली, बँकेचं कार्ड पोस्टानं आलं, की म्युनिकमधला पहिला मोकळा रविवार समोर येऊन उभा राहतो. दुकानं बंद, बाहेर नोव्हेंबरचं करडं आभाळ, ओळखीचं कोणी नाही. अशा दिवशी सिनेमाची थिएटरं मात्र चालू असतात. तुरीची डाळ कुठे मिळते आणि कढीपत्ता कुठे, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी सिनेमाचं सांगतो, कारण त्यात पैसे जाण्याच्या इथल्या खास वाटा आहेत. शिवाय ऑफिसातल्या माणसांशी बोलायला लागण्याचा याहून सोपा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

सगळ्यात आधी टॉरेंट. लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर असेल तर हा परिच्छेद वाचायच्या आधी काढून टाका. आपल्याकडे नवा सिनेमा उतरवून बघणं हे कुणाच्या खिजगणतीतही नसतं. इथे टॉरेंटवरून सिनेमा उतरवताना तुमचा संगणक तो इतरांना वाटतही असतो, आणि हक्कधारकांच्या वतीनं वकिलांच्या कंपन्या त्यावर नजर ठेवून असतात. काही आठवड्यांनी घरी जाड पाकीट येतं. त्याला आबमानुंग म्हणतात. काहीशे युरोंची मागणी, आणि सोबत 'पुन्हा असं करणार नाही' अशा अर्थाचा सहीचा कागद. पत्र येतं ते इंटरनेटचं कनेक्शन ज्याच्या नावावर त्याला, म्हणजे रूममेटनं केलेल्या उद्योगाचं पत्र तुमच्या नावानं येऊ शकतं. आलंच तर घाबरून सही करू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. दिलेली मुदत संपायच्या आत ग्राहक सल्ला केंद्रात, म्हणजे फरब्राउखरत्सेंट्रालंमध्ये, नाहीतर वकिलाकडे जा. भारतातून आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड देतानाही हे एक वाक्य सांगून ठेवा. तोंडावर जरा वाईट दिसतं, पण सांगा.

आता थिएटर. जर्मनीत परदेशी सिनेमा डब होऊन येतो, अपवाद म्हणून नव्हे, रिवाज म्हणून. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मोठा धंदा आहे. प्रत्येक मोठ्या हॉलिवूड नटाला ठरलेला जर्मन आवाज असतो. रॉबर्ट डी नीरोचा आवाज म्हणजे क्रिस्टियान ब्र्युकनर, असं इथली दोन-तीन पिढ्यांची माणसं धरून चालतात. टोमास डानेबेर्ग तर श्वार्झनेगर आणि स्टॅलोन दोघांनाही आवाज देत असे. त्यामुळे तिकीट काढताना सिनेमाच्या नावापुढची अक्षरं बघायची. ओव्ही (OV) म्हणजे मूळ भाषेत, उपशीर्षकं नाहीत. ओएमयू (OmU) म्हणजे मूळ भाषेत, खाली जर्मन उपशीर्षकं. पुढे काहीच नसेल तर डब, असं समजा. एक खाच लक्षात ठेवा. जपानी किंवा फ्रेंच सिनेमा ओएमयू असेल तर तुम्हाला ना संवाद कळणार ना उपशीर्षकं. इंग्रजी उपशीर्षकांचा खेळ क्वचित मिळतो आणि तो शोधावा लागतो.

इंग्रजी सिनेमा इंग्रजीत बघायचा तर म्युनिकमध्ये दोन नावं आधी शिका. एक न्युम्फेनबुर्गर रस्त्यावरचं 'सिनेमा' नावाचंच थिएटर, दुसरं इझार नदीजवळचं, डॉइचेस म्युझियमच्या बाजूचं म्युझियम लिश्टश्पीले. हे दुसरं १९१० पासूनचं आहे आणि तिथे 'रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७७ पासून अखंड चालू आहे. आपल्या मराठा मंदिराची आठवण आल्यावाचून राहत नाही. पडदे छोटे, खुर्च्या जुन्या, पण मला चकचकीत मल्टिप्लेक्सपेक्षा हेच आवडतं. शहराच्या मध्यावरच्या स्टाखुस चौकाजवळचं मथेझर मोठं आहे, पडदे चौदा, आणि मोठ्या पडद्याचा सिनेमा तिथेच बघावा. आठवड्याच्या सुरुवातीचा एक दिवस स्वस्त तिकिटाचा असतो, त्याला कीनोटाग म्हणतात. वार थिएटरप्रमाणे बदलतो.

उलट बाजूनं लांब सिनेमाला जास्तीचा आकार लागतो. याचा फटका आपल्याच सिनेमांना बसतो, कारण तीन तासांचा सिनेमा ही आपली खासियत. भारतीय सिनेमाचं तिकीट मुळात महाग, त्यात हा अधिभार. चौघांचं कुटुंब निघालं की आकडा बघून डोळे पांढरे होतात.

आत गेल्यावर तिकिटावरच्याच खुर्चीवर बसा. दिलेल्या वेळी दिवे मंद होतात, पण सिनेमा सुरू होत नाही. वीसेक मिनिटं जाहिराती, मग ट्रेलर, काही ठिकाणी मग पुन्हा दिवे लागतात आणि आइस्क्रीम विकायला माणूस येतो. पॉपकॉर्न न सांगता घेतलं तर गोड हाती पडण्याची शक्यता जास्त, म्हणून 'झाल्त्सिश' म्हणा. बिअरच्या बाटल्या आत चालतात, पर्समधला चिवडा चालत नाही. सिनेमा सुरू झाला की बोलायचं नाही. शिट्ट्या, टाळ्या, हिरोच्या एंट्रीला आरडाओरडा हे सगळं भारतीय सिनेमाच्या खेळापुरतं राखून ठेवा. मध्यंतर नसतं. आपल्या सिनेमात पडद्यावर मध्यंतराची पाटी येते आणि पुढच्या क्षणी कथा पुढे निघते, तेव्हा आधीच जाऊन या. शेवटची नामावली संपेपर्यंत बरेच जण बसून राहतात. मलाही आता तशीच सवय लागली आहे आणि पुण्यात गेल्यावर लोकांच्या पायांत येतो.

लहान मुलं असतील तर वयाचे शिक्के गांभीर्यानं घ्या. पांढरा शिक्का सगळ्यांना, पिवळा ६ वर्षांपासून, हिरवा १२, निळा १६, तांबडा १८. हिरव्याला एक सवलत आहे, आईवडिलांबरोबर ६ वर्षांवरचं मूल चालतं. निळ्याला आणि तांबड्याला आईवडील बरोबर असूनही उपयोग नाही. ज्या सिनेमानं हा शिक्का घेतलेलाच नाही तो कायद्यानं फक्त प्रौढांसाठी ठरतो, आणि घाईघाईनं आलेल्या भारतीय सिनेमाच्या बाबतीत असं होऊ शकतं. तेव्हा "आपलाच कौटुंबिक सिनेमा आहे, सगळे जाऊ" असं म्हणून तीन वर्षांच्या पोराला घेऊन दारात उभं राहू नका. दारावरचा मुलगा हुज्जत घालत नाही, फक्त नाही म्हणतो.

हिंदी, तेलुगू, तमिळ सिनेमे शुक्रवारच्या आसपास येतात आणि बहुतेकदा दोन आठवड्यांत जातात. मराठीचं तसं नाही. मराठी सिनेमाला कुणीतरी उत्साही माणूस लागतो. मंडळाची मंडळी एखाद्या रविवारी एक खेळ ठरवतात, व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरतो, ठरावीक तिकिटं खपली तरच खेळ होतो. फॉर्म आला की त्याच दिवशी भरा, 'बघू' म्हणू नका. अशा खेळाला सिनेमा कसा का असेना, बाहेरच्या गप्पा हमखास चांगल्या होतात. मी त्या गर्दीत काही अतिशय सुमार सिनेमे हसतखेळत बघितले आहेत. चांगलं काही बघायचं असेल तर उन्हाळ्यात श्टुटगार्टला भारतीय चित्रपट महोत्सव भरतो, तिथे जा. रेल्वेनं सकाळी निघून रात्री परत येता येतं.

घरी बघायचं म्हटलं तर एक गोष्ट मान्य करून टाका. टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण वर्गणी द्यावीच लागते. एका घरात तिघं राहत असाल तर ती एकदाच द्यायची, वाटून घ्या. पैसे जातातच तर त्याचं काही घ्या. या वर्गणीवर चालणाऱ्या सार्वजनिक वाहिन्यांची मेडियाटेक ॲप्स आणि आर्टे ही वाहिनी यांवर चांगले सिनेमे येतात, जाहिरातींचा त्रास नाही, आणि अनेकदा जर्मन उपशीर्षकं लावता येतात. शिवाय बऱ्याच शहरांत वाचनालयाच्या कार्डावर 'फिल्मफ्रेंड' ही सेवा मिळते, जुने जर्मन सिनेमे बघायला ती उत्तम. भारतातली तुमची ओटीटी खाती इथे तशीच चालतील या भरवशावर राहू नका. प्रत्येक सिनेमाचे हक्क देशागणिक वेगळे असतात.

जर्मन शिकत असाल तर पाठ झालेला सिनेमा जर्मन डबमध्ये बघा, त्यातही लहान मुलांचा. गोष्ट माहीत असल्यामुळे कान भाषेकडे मोकळे राहतात. पहिल्याच महिन्यात गंभीर जर्मन सिनेमाला जाऊन हिरमुसणारे बरेच बघितले.

आणि मग सोमवार. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी विचारतं, शनिवार-रविवारी काय केलं? सिनेमा बघितला म्हटलं की पुढचा प्रश्न, कसा होता? इथे आपली गाडी अडते. 'छान होता' म्हटलं की टेबल वाट बघत बसतं, कारण त्यांना पुढचं वाक्य हवं असतं. का छान? आवडला नाही असं म्हणायला काहीच हरकत नाही. समोरच्याच्या आवडत्या सिनेमाला नावं ठेवली म्हणून तो रुसत नाही, फक्त कारण मागतो. ते न मिळाल्यास मात्र तुमचं मत त्याच्या लेखी नसतंच. बव्हेरियन माणूस 'वाईट नव्हता' म्हणाला तर ती मोठी दाद समजा. आपल्यातल्या पुणेकरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' इथे आला तेव्हा मी ऑफिसातल्या दोघांना घेऊन गेलो. पायल कपाडियाच्या या सिनेमाला २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं होतं. पावसातली मुंबई, केरळहून आलेल्या परिचारिका, आणि छाया कदम यांनी केलेली पार्वती. पार्वतीचा नवरा गेलेला, चाळीतल्या घराचे कागद नाहीत आणि बिल्डर तिला बाहेर काढायला बसलेला. बाहेर पडल्यावर मी प्रकाश, पाऊस, लोकल यांवर बोलायच्या तयारीत होतो. सहकारी बाई मात्र एकच धरून बसल्या, इतकी वर्षं एखाद्या घरात राहूनही तसा कागद कसा नसतो? दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायला लावणाऱ्या देशातल्या माणसाला तोच सिनेमाचा गाभा वाटला. गिरण्या, चाळी, मालकी, भाडेकरू हे सगळं सांगता सांगता शेवटची भुयारी गाडी निघून गेली. माझं मत विचाराल तर पूर्वार्ध फार सुंदर आणि रत्नागिरीकडचा शेवट थोडा सैल. त्या बाईंचं मत नेमकं उलटं होतं.

जर्मन सिनेमांपैकी अलीकडे दोन थिएटरात बघितले. 'दास कानू देस मानितू', २००१ च्या प्रचंड गाजलेल्या विनोदी सिनेमाचा पुढचा भाग. सभागृह हसून लोळत होतं आणि मी बव्हेरियन बोलीतले निम्मे विनोद सुटल्यामुळे शेजारच्याकडे बघून हसत होतो. इथे काही वर्षं काढल्याखेरीज जाऊ नका. दुसरा 'इन दि झोन्नं शाउअन', माशा शिलिन्स्कीचा, २०२५ मध्ये कानला ज्युरी पारितोषिक मिळवणारा. एकच शेतघर, शंभर वर्षांतल्या चार पिढ्यांच्या मुली, काळ सतत मागेपुढे. अवघड आहे, लांब आहे, आणि मला तो फार आवडला. काही कळलं नाही तर भाषेला दोष देऊ नका, माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाईंनाही सगळं कळलं नव्हतं.

घरी बघायला पहिला जर्मन सिनेमा कोणता, असं कुणी विचारलं तर मी २००३ चा 'गुड बाय, लेनिन!' सांगतो. आई बेशुद्ध असताना पूर्व जर्मनी संपतो, आणि शुद्धीवर आल्यावर तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा घरापुरता तो देश चालू ठेवतो. बाजारातून गायब झालेल्या काकड्यांच्या लोणच्याची बरणी शोधत तो फिरतो, ते दृश्य भारतीय दुकानांत ठरावीकच ब्रँडचा काळा मसाला शोधणाऱ्यांनी जरूर बघावं.

बोलायला आणखी एक विषय, जो खुद्द म्युनिककरांनाही सहसा माहीत नसतो. 'अछूत कन्या' (१९३६) दिग्दर्शित करणारा फ्रान्झ ओस्टेन म्युनिकचा. त्यानं १९२५ मध्ये हिमांशू राय यांच्याबरोबर 'प्रेम संन्यास' केला आणि पुढे मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये एकामागून एक सिनेमे केले. तो नात्झी पक्षाचा सदस्य होता, हेही सांगा, झाकू नका. १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिशांनी त्याला स्थानबद्ध केलं. त्याच्याबरोबरचा छायाचित्रकार योझेफ विर्शिंगही म्युनिकचाच, पण तो युद्धानंतर भारतातच राहिला. 'महल' त्यानं टिपला, आणि १९७२ ला प्रदर्शित झालेल्या 'पाकीज़ा'चं बरंचसं चित्रणही त्याचंच, जरी तो १९६७ मध्येच वारला होता.

ओस्टेनच्या भावानं, पेटर ओस्टरमायरनं, शहराच्या दक्षिणेला गाइझेलगास्टाइगला सुरू केलेला स्टुडिओ आज बव्हेरिया फिल्म म्हणून चालतो, आणि त्याचा पाहुण्यांसाठीचा भाग म्हणजे बव्हेरिया फिल्मश्टाट. 'दास बोट' या युद्धपटातली पाणबुडी तिथे आत शिरून बघता येते. २५ नंबरच्या ट्रामनं जा. इंग्रजीतली फेरी दिवसातून मोजक्या वेळी असते, ती वेळ बघून निघा. सासूसासरे आले असतील तर त्यांना आधी सांगा की पाणबुडीत वाकून चालावं लागतं.