भुतांमागे लागलेल्या पोरांची कादंबरी: कॉम्प्स शोधायला बसण्याआधी

गुडरीड्स ही वाचकांची साइट उघडायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तुमच्या कादंबरीत शेवटी भुताचं काय होतं ते लिहून काढा, पोरांचं नाही, भुताचं. त्याला संपवतात, कुठेतरी बंद करून ठेवतात, गती देतात, की त्याचं ऐकून घेऊन त्याला त्याच्या जागी राहू देतात? ही ओळ मी सगळ्यात शेवटी लिहिली, ती आधी लिहिली असती तर माझी पहिली पंधरा क्वेरी लेटर्स, म्हणजे एजंटना पाठवायची पत्रं, वेगळी गेली असती, म्हणून तुम्हाला पहिली तीच सांगतेय.

ज्यांना कॉम्प्स म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत किंवा यूकेत इंग्रजी कादंबरी द्यायची तर बहुतेक मोठे प्रकाशक लेखकाकडून थेट हस्तलिखित घेत नाहीत, मध्ये लिटररी एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा माणूस, लागतो, आणि एजंटला जे एक पानाचं पत्र जातं त्यात एक ओळ असते की अमुक आणि तमुक वाचणाऱ्यांना माझं पुस्तक आवडेल. ती दोन पुस्तकं म्हणजे कॉम्प टायटल्स. एजंट पुढे एडिटरला तीच नावं सांगतो, एडिटर त्या पुस्तकांचा खप बघून आत नफातोट्याचं गणित मांडतो, पुढे सेल्सवाले दुकानदारांशी बोलताना पण तशीच नावं घेतात. म्हणजे ही ओळ शोभेची नाहीये, तुमचं पुस्तक कुठल्या शेल्फवर जाणार ते ती सांगते.

माझी कादंबरी अशी की एडिसन, न्यू जर्सीला वाढलेली सोळा वर्षांची मुलगी उन्हाळ्यात मालवणजवळ आजीच्या घरी येते, सोबत ईएमएफ मीटर (भूत शोधणारे वापरतात ते विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) आणि रेकॉर्डर घेऊन, तिला गावातलं भूत पकडून व्हिडिओ करायचाय. आणि आजीच्या दृष्टीने ते भूत नाहीच, देवचार आहे, गावची राखण करणारा, त्याला मान द्यायचा असतो, गाऱ्हाणं घालायचं असतं आणि जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. पकडायची भाषाच तिथे चालत नाही. माझ्या अख्ख्या पुस्तकाचा जीव या दोघींच्या भांडणात आहे आणि मी मात्र पत्रात नुसतं घोस्ट हंटिंग लिहून मोकळी झाले होते.

आता दुसरी गोष्ट, वय ठरवा, आणि हे भुतांच्या पुस्तकांत फार जपून करावं लागतं. मिडल ग्रेड म्हणजे साधारण आठ ते बारा वर्षांचा वाचक, वायए (यंग ॲडल्ट) म्हणजे बाराच्या पुढे आणि आजकाल बऱ्याचदा चौदाच्या पुढे. गोंधळ असा आहे की भुतांमागे जाणाऱ्या पोरांची जी पुस्तकं पटकन आठवतात त्यातली बरीच धाकट्या गटातली आहेत. व्हिक्टोरिया श्वाबचं 'सिटी ऑफ घोस्ट्स' बघा, २०१८ चं, मुलीचे आईवडील टीव्हीवर भुतांचा शो करतात, एडिनबरा शहर, तिचा बेस्ट फ्रेंडच भूत, ऐकताना वाटतं की हेच माझं पुस्तक. पण ती मुलगी बारा वर्षांची आहे आणि पुस्तक मिडल ग्रेड आहे. मी ते कॉम्प म्हणून टाकलं होतं आणि एका एजंटने अगदी सभ्यपणे दोन ओळींत विचारलं की तुमचा वाचक नक्की किती वर्षांचा आहे. त्यांचा प्रश्न बरोबर होता. भारतीय वंशाच्या मुलीची गोष्ट म्हणून रोशनी चोक्शीची अरू शाहची मालिका बऱ्याच जणांच्या तोंडावर असते, ती पण मिडल ग्रेड, आणि त्यात पुराणकथा आहे, भुतं नाहीत. वय तपासायला सोपा मार्ग म्हणजे कर्कस या पुस्तक-परीक्षणांच्या मासिकातला रिव्ह्यू, तिथे शेवटी कंसात वयोगट दिलेला असतो, आणि स्कूल लायब्ररी जर्नल इयत्ता सांगतं. कव्हर बघून ठरवू नका.

मग राक्षसी मोठी नावं बाजूला काढून ठेवा. या विषयात ते नाव म्हणजे जोनाथन स्ट्राउडची 'लॉकवुड अँड कंपनी'. २०१३ ते २०१७ पाच पुस्तकं, लंडन, मोठ्यांना भुतं धड जाणवतच नाहीत म्हणून पोरांच्या एजन्सीज तलवारी, मीठ आणि लोखंडाच्या साखळ्या घेऊन रात्री कामाला जातात. २०२३ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर त्याची मालिका आली, आठ एपिसोड, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कळलं की दुसरा सीझन नाही. मला ही पुस्तकं मनापासून आवडतात, त्यातली कवटी बोलायला लागते तिथे मी दरवेळी थांबून परत वाचते. पण कॉम्प म्हणून अडचण दोन बाजूंनी आहे, पहिलं पुस्तक दहा वर्षांपेक्षा जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं, त्यामुळे घोस्ट हंटिंग म्हटलं की प्रत्येक जण तेच नाव लिहितो आणि एजंटला तुमच्याबद्दल काहीच नवीन कळत नाही. अगदीच राहवत नसेल तर मालिकेचं नाव मूडसाठी घ्या, म्हणजे 'त्या मालिकेतल्या पोरांमधली चेष्टामस्करी' असं नेमकं, आणि त्याच्या जोडीला एक ताजं पुस्तक द्याच.

ताजं म्हणजे किती, तर साधारण मागच्या तीन ते पाच वर्षांतलं. हे गणित पत्र पाठवायच्या दिवशी करा, लिहायला घेतलं त्या दिवशी नाही, कारण कादंबरी पूर्ण होईपर्यंत तुमचे कॉम्प्स पण म्हातारे होतात. 'ॲना ड्रेस्ड इन ब्लड' हे केंडर ब्लेकचं पुस्तक २०११ चं, मुलगा वडिलांचा सुरा घेऊन गावोगाव भुतं मारत फिरतो आणि एका भुतापाशी त्याचा हात थांबतो. वाचाच, या प्रकारात शिकण्यासारखं खूप आहे, पण पत्रात टाकायचं नाही.

आता मुख्य काम, आणि इथे वेळ द्या. तुमच्यासारखं अख्खं पुस्तक शोधू नका, ते सापडत नाही आणि सापडलंच तर घाबरायला होतं. आपलं पुस्तक भाजी निवडतो तसं निवडायला घ्या. शिकार कोण करतं, एकटं की टोळी, पैशासाठी, व्हिडिओसाठी, घरच्या परंपरेमुळे की कोणीतरी हरवलंय म्हणून. कशाने करतं, यंत्राने की मंत्राने. जागा कुठली, मुलगी तिथली आहे की बाहेरची. भीती किती, रात्री दिवा लावून झोपावं लागेल इतकी की गुदगुल्या होण्याइतकी. प्रेमकथा आहे का. आणि मग तो पहिल्या कागदावरचा प्रश्न, भुताचं शेवटी काय होतं. प्रत्येक मुद्द्याला वेगळं पुस्तक चालतं, एकाच पुस्तकात सगळं जुळायची गरज नाही.

हे केल्यावर माझ्यापुढची यादीच बदलली. टीव्हीवाली भूतशोधक मंडळी हवी होती, कारण माझ्या नायिकेच्या डोक्यात तेच भरलेलं आहे, २००४ मध्ये अमेरिकेत 'घोस्ट हंटर्स' नावाचा शो सुरू झाला, दिवसा प्लंबिंग करणारे दोघे रात्री मीटर घेऊन लोकांच्या घरात जायचे, आणि तिथून ही कॅमेरावाली भुताटकी घराघरात पोचली. तर कोर्टनी गूल्डचं 'द डेड अँड द डार्क', २०२१, यात मुलीचे दोन्ही बाबा असाच शो करतात आणि ओरेगनमधल्या एका छोट्या गावात परत येतात जिथे पोरं गायब होतायत. वायए आहे, गडद आहे, आणि भुतांच्या धंद्यातलं कुटुंब आहे. एक मुद्दा जुळला. वर्ष मात्र काठावर आहे, हे लक्षात ठेवून मी त्याला पर्यायी नाव पण शोधून ठेवलंय.

परंपरेने आलेलं भूतकाम हवं असेल तर एडन थॉमसचं 'सेमेटरी बॉइज', २०२०, लॉस एंजेलिसमधलं लॅटिनो कुटुंब, आत्म्यांना गती देणं हेच त्यांचं घरचं काम, आणि ट्रान्स मुलगा यॅड्रिएल आपण ते करू शकतो हे सिद्ध करायला एका आत्म्याला बोलावतो, येतो भलताच आणि जायला तयार होत नाही. माझ्या कादंबरीतल्या आजीशी याचं नातं सगळ्यात जवळचं, कारण इथे भूत म्हणजे शत्रू नाही, माणूस आहे. पण ते प्रचंड गाजलेलं आणि तारखेने मागे पडत चाललेलं, म्हणून मी ते बाहेर ठेवलं, मन मारून ठेवलं.

आणि मग ट्रँग थान ट्रॅनचं 'शी इज अ हॉन्टिंग', २०२३. व्हिएतनामी अमेरिकन मुलगी, दुरावलेले वडील दा लाट शहरात फ्रेंचांच्या काळातलं घर दुरुस्त करून तिथे पाहुण्यांची सोय करायची म्हणतायत, ही कॉलेजच्या पैशांसाठी तिथे राहायला जाते आणि घर हळूहळू तिला खायला उठतं. यात मीटर नाही, टोळी नाही, घोस्ट हंटिंग म्हणून शोधलंत तर हे पुस्तक बहुतेक तुमच्यासमोर येणारच नाही. पण ज्या देशाची भाषा आपल्याला अर्धीच येते तिथल्या भुताला आपण काय म्हणून हाक मारायची, हा माझ्या पुस्तकाचा प्रश्न मला इथे दिसला. वाचून झालं त्या रात्री मी पत्रातली ती ओळ पूर्ण खोडली आणि परत लिहिली.

शोधायचं कुठे, तर पटापट सांगते. एक चांगलं पुस्तक सापडलं की ॲमेझॉनवर त्याच्या खालच्या 'हे पण घेतलं' च्या पट्टीत उतरत जा, स्टोरीग्राफ या वाचनाच्या ॲपवर मूडप्रमाणे गाळून बघा, गुडरीड्सच्या याद्या बघा पण त्यात मिडल ग्रेड आणि वायए सर्रास एकत्र असतं. अमेरिकन पुस्तकाचं कॉपीराइट पान बघायची सवय लावा, तिथे बऱ्याचदा लायब्ररी ऑफ काँग्रेसचे विषय छापलेले असतात, भुतं, कादंबरी, अमुक शहर, कादंबरी असे, आणि तेच शब्द घेऊन लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये शोधलं की जी पुस्तकं निघतात ती गुगलला माहीतही नसल्यासारखी खाली पडलेली असतात. एडलवाइस नावाच्या साइटवर प्रकाशकांचे कॅटलॉग असतात, त्यात बऱ्याच पुस्तकांखाली प्रकाशकाने स्वतःच कॉम्प्स दिलेले असतात, हे सोनं आहे, कारण प्रकाशक कुठल्या पुस्तकाला कशाशेजारी ठेवतो ते तुम्हाला आयतं दिसतं. तिकडे कोणी नातेवाईक राहत असतील तर त्यांना जवळच्या लायब्ररीत किशोरांच्या विभागातल्या लायब्ररियनला विचारायला सांगा, माझ्या मावसबहिणीने विचारलं आणि तिला पाच मिनिटांत चार नावं मिळाली, त्यातली दोन मला तोपर्यंत कुठेच दिसली नव्हती.

आपल्याकडची पुस्तकं टाकायची का, हा प्रश्न मराठी माणसाला पडतोच. मी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठी झाले, भीती कशी चढवत न्यायची हे मला त्यांनी शिकवलं, त्यामुळे मला खरंच वाटत होतं की त्यांची नावं पत्रात असावीत. पण न्यूयॉर्कमधल्या एडिटरला त्या नावांवरून तिथला वाचक कोण ते कळत नाही आणि कॉम्पचं काम तेवढंच आहे. म्हणून ती नावं मी स्वतःबद्दलच्या शेवटच्या ओळीत घेतली, कशावर वाढले म्हणून, तिथे ती शोभतात. सिनेमाचं तसं नाही, एक पुस्तक आणि एक सिनेमा अशी जोडी चालते, पण तो सिनेमा समोरच्याने पाहिलेला असायला हवा. २०२४ चा 'मुंज्या' कोकणातलाच, माझ्या पुस्तकाला विषयाने चिकटून बसणारा, पण तिकडच्या एजंटने तो पाहिला असेल या भरवशावर मी जागा घालवली नाही. भारतातल्या इंग्रजी प्रकाशकाला पाठवणार असाल तर हे सगळं उलटं धरा, तिथे 'मुंज्या' एका शब्दात काम करेल.

यादी सात आठ नावांची झाली की वाचायला बसा. पूर्ण वाचा. किंडलचं सॅम्पल फक्त आवाज कसा आहे ते कळायला, कॉम्प ठरवायला शेवट माहीत असावा लागतो, कारण भुताचं काय होतं ते शेवटीच कळतं. फोनवर बोलताना एजंटने विचारलं की यातलं काय तुमच्यासारखं आहे आणि आपण ब्लर्बमधलं (मागच्या कव्हरवरच्या ओळखीतलं) वाक्य परत म्हणून दाखवलं तर ते त्यांना लगेच कळतं. वाचताना प्रत्येक पुस्तकासाठी एकच वाक्य लिहा, 'यातलं हे माझ्यासारखं आहे आणि हे नाही'. ज्या पुस्तकासाठी ते वाक्य होत नाही ते काढून टाका, कितीही आवडलं तरी.

शेवटी दोनच ठेवा. ओळ लिहिताना 'अमुक पुस्तक मीट्स तमुक पुस्तक' छापाचं नुसतं नावांचं गणित नको, नावाबरोबर कारण द्या. माझी ओळ आत्ता अशी आहे, इंग्रजीत लिहिलीय पण मराठीत सांगायची तर, 'द डेड अँड द डार्क' मधलं भुतांच्या धंद्यातलं कुटुंब आणि 'शी इज अ हॉन्टिंग' मधलं परकं वाटणारं आपलंच घर ज्यांना आवडलं त्यांच्यासाठी. बास. माझं पुस्तक त्या लेखकांच्या तोडीचं आहे असं कुठेही सुचवू नका आणि बाजारात असं दुसरं पुस्तकच नाही असंही म्हणू नका, दोन्ही वाक्यं मी आधी लिहिलेली आहेत आणि दोन्ही काढली.

पाठवायच्या आदल्या दिवशी दोन्ही पुस्तकांची वर्षं परत बघा, लेखकांची नावं कव्हर समोर ठेवून अक्षर अक्षर जुळवा, आणि ज्या एजंटला पाठवताय त्यांच्या साइटवर जाऊन बघा की त्या दोन पुस्तकांपैकी एखादं त्यांनीच विकलेलं नाही ना. असलं तर पत्राच्या पहिल्याच ओळीत तसं म्हणा, कारण ते वाचलंय म्हणूनच तुम्ही त्यांच्याकडे आलाय.