उड्या मारणाऱ्या कोळ्याचा मॅक्रो फोटो: सगळं डोळ्यांवर

उड्या मारणारे बहुतेक कोळी ४ ते १० मिलिमीटर लांबीचे असतात. जाळ्यात बसून वाट पाहण्यापेक्षा दिवसाउजेडी, नजरेच्या जोरावर शिकार करणारी ही जात. साहजिकच फोटोही समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांवर उभा राहतो. ते दोन्ही लख्ख आले तर मागचे पाय धूसर असले तरी चालतं. डोळे चुकले तर तो फोटो खुशाल पुसून टाका.

फुल फ्रेम सेन्सरवर १:१ ला, म्हणजे सेन्सरवर प्रतिमा प्रत्यक्षाइतकीच मोठी पडते तेव्हा, ३६ × २४ मिमी जागा चौकटीत येते, म्हणजे ६ मिमीचा कोळी रुंदीचा जेमतेम सहावा भाग व्यापतो. चेहरा हवा असेल तर २:१ पर्यंत, म्हणजे दुप्पट मोठेपणापर्यंत, जावं लागतं. १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सपुढे रेनॉक्स डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टर ताकदीची भिंगजोडी चिमट्याने अडकवली की साधारण तिथवर पोचता येतं, आणि पाहिजे तेव्हा ती झटकन काढताही येते. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ एक्स्टेन्शन ट्यूबनेही मोठेपण वाढतं, पण प्रकाश कमी होतो आणि कोळी शोधता शोधता लेन्स-बॉडी सोडवत बसायला वेळ नसतो. सुरुवातीला भिंगच बरं.

२:१ ला एफ/११ वर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो (एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप: आकडा मोठा तितकं छिद्र लहान). तो वाढवायला एफ/१६ किंवा एफ/२२ लावण्याचा मोह टाळा. इतक्या जवळून प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर आकड्याच्या जवळपास तिप्पट लहान झालेलं असतं. एफ/१६ एफ/४८ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक केस विरघळल्यासारखे दिसतात. एफ/८ ते एफ/११ मध्येच राहा. स्पष्ट पट्ट्याची खोली कमी म्हणून कोन महत्त्वाचा: सेन्सर कोळ्याच्या चेहऱ्याला समांतर, उंची त्याच्या नजरेइतकी किंवा किंचित वर. थोडं जरी तिरकं झालं की एक डोळा निसटतो.

प्रकाश फ्लॅशचाच घ्या. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६० किंवा १/२००, आयएसओ १०० ते २००, फ्लॅश १/८ ते १/१६ पॉवरवर. कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही खूप कमी वेळ टिकतो, त्यामुळे हाताची थरथर गोठते. पूर्ण पॉवरवर झोत लांबतो आणि पुढच्या चमकेसाठी थांबावंही लागतं.

खरी मेहनत डिफ्यूझरवर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवणाऱ्या पडद्यावर, करा. कोळ्याचा डोळा बाहेर फुगलेल्या आरशासारखा असतो, प्रकाशाचा आकार त्यात जसाच्या तसा उमटतो. उघडा फ्लॅश म्हणजे डोळ्यात पांढरा टोचणारा ठिपका. अर्ध्या मिलिमीटरची दुधी पॉलिप्रॉपिलीन शीट किंवा पॅकिंगचा पातळ पांढरा फोम कमानीसारखा वाकवून लेन्सच्या टोकापुढे थोडा झुकेल असा बसवा. एकच थर फ्लॅशला चिकटून असेल तर मधोमध तेजस्वी डाग राहतो. म्हणून दोन थर घ्या, मध्ये ३-४ सेमी अंतर ठेवा. पहिला थर झोत पसरवतो, दुसरा सगळीकडे सारखा उजळतो. कोळ्यापाशी जाण्याआधी सायकलच्या बेअरिंगमधल्या छर्‍याचा फोटो काढून पाहा. त्यात जे प्रतिबिंब दिसेल तेच पुढे डोळ्यात दिसणार आहे.

ऑटोफोकस बंद करा. मोठेपण आधी ठरवा आणि फोकस रिंगला हात न लावता अंग पुढे-मागे झुलवून डोळे स्पष्ट होतील त्या क्षणी शटर दाबा. कोळी पानावर असेल तर डाव्या हाताच्या चिमटीत देठ धरून त्याच हातावर लेन्स टेकवा. पान आणि लेन्स एकत्र हलतात, अंतर बदलत नाही. भिंतीवर असेल तर बोटं भिंतीला टेकवून लेन्सला आधार द्या.

समोरून, हळू आणि खालच्या पातळीवरून जा. साधारण फूटभर अंतरावर थांबलात की बऱ्याचदा तो स्वतःच वळून तुमच्याकडे पाहतो. पाय आखडून दबून बसला तर उडी मारणार असं समजा, थोडं मागे सरका. लेन्सवर किंवा डिफ्यूझरवर आला तर झटकू नका, बोट पुढे करा. भक्ष्य धरून बसलेला कोळी बराच वेळ जागचा हलत नाही, ही सर्वांत चांगली संधी. गार करून सुस्त केलेला कोळी मात्र नको: त्याला इजा होते, शिवाय आखडलेले पाय फोटोत लपत नाहीत. पानाच्या घडीत पांढरी रेशमी पिशवी दिसली तर आत अंड्यांवर बसलेली मादी असू शकते. पान उघडू नका.

पार्श्वभूमी काळीकुट्ट येते, कारण फ्लॅशचा प्रकाश अंतराबरोबर झपाट्याने घटतो. कोळ्याच्या मागे ५-८ सेमीवर एखादं पान धरलं की रंग भरतो.

स्टॅकसाठी, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडून एक स्पष्ट फोटो बनवण्यासाठी, डोळ्यांपासून मागे जात ०.२ ते ०.३ मिमीच्या अंतराने ५ ते १० फ्रेम पुरतात. झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडण्याच्या दोन पद्धती आहेत: पीमॅक्स केसांसाठी उत्तम, पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतं. डीमॅप रंग मऊ ठेवतं. दोन्ही पद्धतींनी फोटो बनवा आणि एकातला चांगला भाग दुसऱ्यावर रंगवून रीटच करा. तोंडाजवळचे पॅल्प (छोट्या पायांसारखे अवयव) सतत हलतात, ते एकाच फ्रेममधून घ्या. डोळ्यांचंही तसंच: भिंग स्थिर असतं, पण आतला दृष्टिपटल सरकतो, म्हणून तोच डोळा एका फ्रेममध्ये काळा तर पुढच्यात तपकिरी दिसतो. सॉफ्टवेअर या दोन्हींची सरमिसळ करून गढूळ डाग बनवतं. दोन्ही डोळे गडद असलेली एक फ्रेम निवडा आणि त्यांचा पूर्ण भाग तिच्यातूनच रंगवा.