बाइकचे मागचे शॉकअप स्वतः कसे सेट करावेत?

शोरूममधून गाडी शॉकअपच्या ज्या खाचेवर आली, त्याच खाचेवर ती पाच-पाच वर्षं फिरते. मग एकट्याने सातपूरला कामावर जाताना पाठ हादरते, नाहीतर बायको मागे बसली की स्पीडब्रेकरवर खालून ‘ठक्’ असा आवाज येतो. दोन्ही तक्रारींवर टूलकिटमधला तो वाकडा सी-पाना बऱ्यापैकी उपाय आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. शॉकअपची कॉलर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाची खाचांची कडी, सी-पान्याने फिरवली की ‘स्प्रिंग कडक होते’ असं सगळेच म्हणतात. स्प्रिंग तेवढीच कडक राहते. ती फक्त आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे तुम्ही बसल्यावर गाडी कमी बसते आणि मागून उंच राहते. म्हणून हे काम अंदाजाने नाही, टेपने करायचं.

सकाळी टायर थंड असताना हवा बरोबर करून घ्या. शॉकअपच्या दांड्यावर बोट फिरवा. तेल लागलं तर सेटिंगच्या भानगडीत पडू नका, आधी दुरुस्ती.

आता मोजमाप. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर, साइड पॅनलवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर मोजा. समजा ५२० मिमी आलं. मग गाडी खाली घ्या, हेल्मेट-बॅगेसकट बसा, पाय फूटरेस्टवर. हँडल कुणीतरी धरायला हवं. दोनदा दाबून सोडा आणि दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्या. ४८२ आलं तर गाडी ३८ मिमी बसली.

किती बसावी? चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश. हालचाल किती ते मॅन्युअलमध्ये असतं. ती १०० मिमी असेल तर २५ ते ३३ चालेल. ३८ जास्त झाले, म्हणून एक खाच वर आणि पुन्हा मोजा. २० आले असते तर एक खाच खाली. शेवटच्या खाचेवरही आकडा जमत नसेल, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंगच बरोबर नाही.

कॉलर फिरवण्याआधी चिखल ब्रशने काढा, थोडं तेल सोडा. सायलेन्सर गार होऊ द्या. पाना सटकतो आणि हात नेमका तिकडेच जातो, माझ्या मनगटावर खूण आहे. दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात. मी एकदा डावा तिसऱ्यावर, उजवा चौथ्यावर ठेवून महिनाभर फिरलो. काही जाणवलं नाही, गाडी धुताना दिसलं. बसून जाणवण्यावर माझा विश्वास तेव्हापासून उडाला.

महागड्या शॉकअपला क्लिक-क्लिक फिरणारी रीबाउंडची चक्रीही असते; दबलेला शॉकअप किती वेगाने परत वर येतो, ते ती ठरवते. हळुवार पूर्ण बंद करत क्लिक मोजा, आकडा लिहून ठेवा आणि चक्री परत त्याच जागी आणा. मग सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन लगेच थांबली तर ठीक. पुन्हा डोलली तर दोन क्लिक बंद करा. सुस्तावल्यासारखी वर येत असेल तर दोन क्लिक उघडा, नाहीतर ओळीने खड्डे आले की मागची बाजू दबलेलीच राहते. एका वेळी एकच बदल, आणि रस्ता तोच. माझा ठरलेला आहे: गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत, त्याच वेगात.

मागची बाजू उचलली की हेडलाइटचा झोत खाली येतो, तो रात्री भिंतीवर बघून घ्या. चेनचा ताणही तपासा.

जोडीने सप्तशृंग गडावर जायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच खाचा वर घ्या. परतल्यावर खाली आणायचं मात्र हमखास राहतं. माझ्या सीटखाली चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘एकटा २, जोडी ४’.