आधी ‘च’ शोधा, मग ‘ओन्ली’ लिहा

यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीतून इंग्रजीत करून देणं हा माझा व्यवसाय. अगदी सुरुवातीच्या एका पुस्तिकेत वाक्य होतं, ‘यंत्र बंद असतानाच झाकण उघडा.’ मी लिहून मोकळी झाले: ‘ओन्ली ओपन द लिड व्हेन द मशीन इज ऑफ.’ तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीनं विचारलं, ‘यंत्र बंद असताना नुसतं झाकण उघडायचं? पुसायचं नाही?’

हेच वाक्य बोलून दाखवलं असतं तर कुणी अडलं नसतं, कारण बोलताना ‘ऑफ’वर आपोआप जोर येतो. कागदावर तो जोर दिसत नाही. तिथे शब्दाची जागाच काय ते सांगते.

तेव्हापासून मी वाक्य आधी मराठीत म्हणून बघते आणि ‘च’ कुणाला चिकटलाय ते पाहते. इथे तो ‘असताना’ला चिकटलाय. मग इंग्रजीत त्याच तुकड्याच्या लगेच आधी ‘ओन्ली’ ठेवायचा: ‘ओपन द लिड ओन्ली व्हेन द मशीन इज ऑफ.’

एकच वाक्य घेऊन हात बसवा. ‘ओन्ली मीना साइन्ड द लेटर’ म्हणजे मीनानंच सही केली. ‘मीना साइन्ड ओन्ली द लेटर’ म्हणजे पत्रावरच केली, सोबतच्या अर्जावर नाही. ‘मीना ओन्ली साइन्ड द लेटर’ म्हणजे नुसती सही केली, मजकूर दुसऱ्या कुणाचा. पण हेच वाक्य लोक ‘पत्रावरच’ या अर्थीही वापरतात, म्हणून ते धोक्याचं. आणि ‘मीना साइन्ड द ओन्ली लेटर’ म्हटलंत तर पत्रच एकुलतं एक होतं.

आपली खोड मात्र वेगळीच. ‘च’ शब्दाच्या मागून येतो, म्हणून ‘ओन्ली’ही मागून लावायचा: ‘ही केम यस्टरडे ओन्ली.’ आपल्याला कळतं, बाहेरच्याला विचित्र वाटतं. ‘ही केम ओन्ली यस्टरडे’ लिहा. (‘मेंबर्स ओन्ली’ ही पाटी बरोबर आहे, पाट्यांचं व्याकरण निराळं.) आणखी एक फसगत म्हणजे क्रियापदाला लागलेला ‘च’. ‘मी जाणारच’ मध्ये ‘फक्त’ कुठेच नाही, ठामपणा आहे. तिथे ‘डेफिनिटली’ घ्या, ‘ओन्ली’ला हात लावू नका.

‘ऑलमोस्ट’ आणि ‘निअरली’ यांचंही असंच. ‘आय लॉस्ट ऑलमोस्ट ऑल माय फाइल्स’ म्हणजे जवळजवळ सगळ्या फाइली गेल्या. ‘आय ऑलमोस्ट लॉस्ट ऑल माय फाइल्स’ म्हणजे जाता जाता वाचल्या, एकही गेली नाही. ‘जस्ट’ला तर ‘आत्ताच’ असाही अर्थ आहे, म्हणून ‘आय जस्ट सेंट वन फाइल’ यातून दोन अर्थ निघतात. एकच फाइल पाठवली असेल तर ‘आय सेंट जस्ट वन फाइल’. ‘नॉट’ जवळ असेल तर आणखी जपा: ‘इट्स नॉट जस्ट अ मिस्टेक’ म्हणजे ही नुसती चूक नाही, ‘इट्स जस्ट नॉट अ मिस्टेक’ म्हणजे ही चूक नाहीच.

दोन शब्दांच्या मधोमध अडकलेला ‘ओन्ली’ मला सगळ्यांत जास्त छळतो. ‘आय टोल्ड हिम ओन्ली टू वेट’ म्हणजे त्यालाच सांगितलं की फक्त थांबायलाच सांगितलं? पहिलं हवं असेल तर ‘आय टोल्ड ओन्ली हिम टू वेट’. दुसरं हवं असेल तर मी ‘ओन्ली’ सोडूनच देते आणि ‘ऑल आय टोल्ड हिम टू डू वॉज वेट’ लिहिते.

गप्पांत, मेसेजमध्ये एवढं काटेकोर होऊ नका. इंग्रज स्वतः बोलताना ‘ओन्ली’ क्रियापदाआधी ठेवून देतात. अर्थाचा घोटाळा नसेल तर त्या सवयीला उगाच टोकू नये, असं इंग्रजीच्या वापरावरचा प्रसिद्ध कोश लिहिणारे फाउलर यांनीही 1926 साली बजावलं होतं. पण सूचना, करार, नियम लिहून झाले की मी फाइलमध्ये ‘ओन्ली’ शोधते आणि प्रत्येकापाशी पेन्सिलवाल्या बाईंचा प्रश्न विचारते: नुसतं हेच, मग दुसरं काय नाही?