नाताळाच्या धावपळीत एक संध्याकाळ घरासाठी
आगमनकाळ, म्हणजे नाताळापूर्वीचा तयारीचा काळ, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमधील रविवारी सुरू होतो. त्याच्या तीन आठवडे आधी वसई परिसरातील धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या कार्यक्षेत्रांत) युवा आणि कुटुंब सेवेच्या कार्यकर्त्यांनी एकत्र बसून नाताळगीतांचा सराव, येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्याची उभारणी आणि प्रायश्चित्त संस्काराच्या (धर्मगुरूंजवळ पापांची कबुली देण्याच्या) वेळा एकाच दिनदर्शिकेवर लिहाव्यात, म्हणजे एकाच घरातील आई, वडील आणि मुलगी तीन निरनिराळ्या संध्याकाळी चर्चमध्ये अडकत आहेत हे तेथेच लक्षात येते. दर आठवड्याची एक संध्याकाळ मात्र पूर्ण मोकळी ठेवावी. माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. अर्नाळा, पाचूबंदर येथील मासेमार कुटुंबांना वेळ आधी विचारावी, कारण त्यांचा दिवस भरती-ओहोटीवर ठरतो. बारावीच्या मुलांना लहानच काम द्यावे.