खेळाडूची प्रशिक्षक होताना

प्रशिक्षक होण्याचा विचार मनात असेल, तर महिला फुटबॉलपटूने निवृत्तीची वाट पाहू नये. सरीना विगमन नेदरलँड्सकडून खेळत असतानाच शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होत्या. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली २०१७ मध्ये नेदरलँड्सने, तर २०२२ आणि २०२५ मध्ये इंग्लंडने युरोपीय विजेतेपद मिळवले. क्लबमधील लहान मुलींचा एखादा गट आठवड्यातून दोनदा हाती घेतला, तरी आपल्याला शिकवणे जमते का आणि आवडते का, हे अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याआधीच कळते.

परवान्यांचा मार्ग ठरलेला आहे: आशियात एएफसी या आशियाई फुटबॉल महासंघाचे आणि युरोपात युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक-परवाने सी, बी, ए आणि प्रो अशा चढत्या क्रमाने मिळतात. नामांकित खेळाडूंना काही ठिकाणी खालच्या पायऱ्यांवर सवलत असते. ती घेऊ नये, असे माझे मत आहे, कारण लहानांना शिकवण्याचा अभ्यास त्याच पायऱ्यांवर होतो.

खरी अडचण वेगळीच असते. चांगल्या मध्यरक्षक खेळाडूला चेंडू पायाशी येण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहण्याची सवय असते, पण आपण नेमके केव्हा आणि काय पाहतो, असे विचारल्यास तिला ते चटकन सांगता येत नाही. म्हणून आपल्याच जुन्या सामन्यांचे व्हिडिओ लावावेत आणि ते जागोजागी थांबवून, त्या क्षणी कोणते पर्याय होते व त्यांतला हाच का निवडला, हे वहीत लिहावे. अशा नोंदींतूनच सराव आखता येतो. उदाहरणार्थ, चौघींनी चेंडू फिरवत ठेवायचा आणि मधल्या दोघींनी तो हिसकावायचा, या साध्या खेळात प्रशिक्षकाने बाहेरून बोटे दाखवावीत आणि पास घेण्यापूर्वी मागे वळून त्यांची संख्या मोठ्याने सांगण्याची अट घालावी. मागे पाहण्याची सवय व्याख्यानाशिवाय लागू लागते. ‘मी असे करत असे’ हे वाक्य मात्र जपून वापरावे, कारण समोरच्या मुलीची उंची, वेग आणि ताकद आपल्यासारखी असेलच असे नाही.

मुख्य प्रशिक्षकपदाची घाई करू नये. जर्मनीकडून १११ सामने खेळलेल्या सिल्विया नाइड १९९६ ते २००५ अशी नऊ वर्षे राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षक होत्या. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर २००७ मध्ये त्यांच्या संघाने एकही गोल न स्वीकारता विश्वचषक जिंकला.

महिला खेळाडूंमध्ये गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत पुरुषांपेक्षा अधिक आढळते, म्हणून तोल, उडी आणि स्नायूंच्या ताकदीचे सुमारे वीस मिनिटांचे वॉर्म-अप कोणत्याही सरावातून वगळू नये.

आपल्याच जुन्या संघाची जबाबदारी आली, तर निवडीचे निकष हंगामाच्या सुरुवातीलाच सर्वांना सांगावेत. तरीही कालच्या मैत्रिणीला राखीव बाकावर बसवण्याची वेळ येतेच. तो निर्णय तिला संघ जाहीर होताना कळू न देता, आदल्या दिवशी एकटीला बोलावून कारणासह सांगावा.