टँजंट गॅल्व्हानोमीटर: प्रवाह उलटवला की विक्षेप बदलतो? माझा अनुभव

टँजंट गॅल्व्हानोमीटर म्हणजे कुंडलीतल्या (तारेच्या वेटोळ्यातल्या) प्रवाहाने मधल्या होकायंत्राचा काटा किती वळतो, म्हणजे विक्षेप, ते पाहून प्रवाह मोजायचं साधन. माझा विक्षेप प्रवाहाच्या एका दिशेला ४९°, कम्युटेटर (प्रवाहाची दिशा बदलणारी कळ) उलटवला की ४१°. बॅटरी बदलली, जोडण्या घासल्या, फरक तसाच. फार वैताग आला.

शेवटी जमलं ते असं. प्रवाह बंद. मोबाईल, लोखंडी स्टँड, ऱ्होस्टॅट (प्रवाह कमी-जास्त करणारा रोध), अँमीटर हातभर लांब. कुंडलीकडे जाणाऱ्या तारांना पीळ. पायाचे स्क्रू फिरवून तबकडी समपातळीत. मग वरून पाहत कुंडलीचं प्रतल होकायंत्रातल्या छोट्या चुंबकाला समांतर करा, लांब काट्याला नव्हे. तो चुंबकाला काटकोनात असतो. त्यानंतरच फक्त होकायंत्राची पेटी फिरवून काटा ०-० वर. हा क्रम मोडू नका: ०-० आलं म्हणजे कुंडली चुंबकीय याम्योत्तरात (पृथ्वीच्या चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेत) आहे, असं नव्हे.

आता ४५° च्या आसपास प्रवाह उलटवून पाहा. फरक १° हून जास्त असेल तर कुंडली किंचित वळवून पुन्हा ०-० करा. फरक वाढला तर उलट दिशेने.